नणंदेची मुलाखत

मोठ्या बाईंना शाळेत सगळे मोठ्या बाई म्हणत ते हुद्द्यामुळे, अंगकाठीमुळे नव्हे. फळ्याच्या वरच्या ओळीत काही लिहायचं तर त्यांना अजूनही टाचा उंच कराव्या लागत. मुलींची ती माध्यमिक शाळा त्या कितीतरी वर्षं सांभाळत होत्या. पालकांची भांडणं, तुंबलेले नळ, शिक्षकांच्या ऐन परीक्षेतल्या रजा, सगळं त्यांनी पचवलं होतं. पण या वर्षी एका गोष्टीने त्यांना अगदी मेटाकुटीला आणलं होतं. शाळेला विशेष शिक्षणाचा समन्वयक मिळत नव्हता.

काम तसं सरळ होतं. एखादीला अक्षरं उलटीसुलटी दिसतात, एखादीला कमी ऐकू येतं, एखादीला एका जागी बसवतच नाही. अशा प्रत्येकीसाठी वर्गात काय बदलायला हवं ते शोधायचं, ते शिक्षकांच्या गळी उतरवायचं, आईबापांना धीर द्यायचा, परीक्षेत वेळ वाढवून घ्यायचा. आधीच्या बाई नवऱ्याची बदली झाली म्हणून गेल्या, आणि तेव्हापासून खुर्ची रिकामी. जाहिरात दिली की माणसं येत, पण काय माणसं. एक गृहस्थ गळ्यात शिटी अडकवून आले. त्यांना ही जागा खेळाच्या समन्वयकाची वाटली होती, आणि तशी ती नाही हे कळल्यावरही ते मैदान बघून गेले. एक बाई निवडल्या गेल्या, चहा झाला, बिस्किटं झाली, सगळ्यांशी गोड बोलून त्या ज्या गेल्या त्या गेल्याच.

शेवटी संस्थेच्या अध्यक्षांनी सूत्रं हातात घेतली. अध्यक्ष म्हणजे दातांचे निवृत्त डॉक्टर. समोरचा माणूस बोलू लागला की ते त्याच्या डोळ्यांकडे न बघता दातांकडे बघत. ते म्हणाले, "या वेळी अर्ज मी चाळतो. तुम्ही फार लवकर विरघळता. माणसं थेट मुलाखतीलाच बघा."

आणि मग एका संध्याकाळी त्यांचा फोन आला. "बाई, एक उमेदवार सापडलीय. नाव आत्ता सांगत नाही, पण तिच्या जुन्या शाळेत मी फोन लावला होता. ती नोकरी सोडून निघाली तेव्हा मुलांनी तिची गाडीच अडवली म्हणे. तिथले मुख्याध्यापक फोनवर रडले हो."

त्या रात्रीच्या जेवणात मोठ्या बाईंचं तोंड काही थांबेना. "अहो, मुख्याध्यापक रडले म्हणे. विचार करा, कशी असेल ही बाई. देव करो आणि हिला आमची शाळा आवडो."

त्यांच्या नवऱ्याला एकाएकी जोराचा ठसका लागला. पाणी पिऊनही तो जाईना, तेव्हा तो उठून गॅलरीत गेला आणि बराच वेळ तिकडेच राहिला. मोठ्या बाईंना वाटलं, तिखट लागलं असेल.

आता इथे वन्संविषयी सांगायला हवं. वन्सं म्हणजे मोठ्या बाईंची नणंद, नवऱ्याची थोरली बहीण. नोकरीची सगळी वर्षं परगावी काढून त्या नुकत्याच याच शहरात राहायला आल्या होत्या. दर रविवारी त्या भावाकडे येत, आणि आल्या की स्वयंपाकघरात शिरत. "साखर इतकी वर कशाला? हात पोचतो का तुझा?" असं म्हणत त्या सगळे डबे खालीवर करत. सोमवारी सकाळी मोठ्या बाई घाईघाईत चहात मीठ घालत. भांडण असं कधी झालं नव्हतं. दोघी एकमेकींशी गोडच बोलत, आणि मोठ्या बाई सोमवार ते शनिवार डबे पुन्हा जागेवर लावत.

वन्संनीही जन्मभर हेच विशेष मुलांचं काम केलं होतं, हे मोठ्या बाईंना माहीत नव्हतं असं नाही. म्हणूनच तर त्यांनी नवऱ्याला बजावलं होतं, "आमच्या शाळेतल्या जागेबद्दल तुमच्या ताईंसमोर अवाक्षर काढायचं नाही. रविवार मी सोसते. उरलेला आठवडा माझा मला राहू द्या."

मुलाखतीच्या दिवशी मोठ्या बाई लवकर आल्या, ताजी फुलं टेबलावर ठेवली, पाण्याचे पेले स्वतः पुसले. मग सहज बाहेर डोकावल्या, तर कार्यालयाच्या दारात वन्सं उभ्या. खांद्याला पिशवी, नाकावर चष्मा, आणि नजर भिंतीवरच्या सूचनाफलकावर.

"वन्सं? घरी सगळं ठीक आहे ना?"

"ठीक आहे की. हा फलक वाकडा लागलाय तुझा."

"मग तुम्ही इथे कशा?"

"मुलाखतीला."

"कोणाच्या?"

"माझ्या. तुझी तर मागेच झालीय ना."

भीती वाटली की हसू फुटायचं, ही मोठ्या बाईंची लहानपणापासूनची खोड. डॉक्टरने सुई काढली की त्या हसत, तपासणीला अधिकारी आले की त्या हसत, स्वतःच्या लग्नात तर फोटोग्राफर कंटाळला होता. आताही हसू वर चढू लागलं. त्यांनी ओठ घट्ट मिटले, मान हलवली, आणि वळून तडक अध्यक्षांकडे गेल्या.

"काय झालं? दाढ दुखतेय का?" अध्यक्षांनी विचारलं.

"नाही. ती तुमची उमेदवार, जिच्यासाठी मुख्याध्यापक रडले, ती माझी नणंद आहे."

"सख्खी?"

"अगदी सख्खी."

अध्यक्ष गंभीर झाले. "मग तुम्हाला मुलाखतीला बसता येणार नाही. तुम्ही तिच्या बाजूने बोललात तर वशिला, विरुद्ध बोललात तर सूड. तुमचं भांडण वगैरे आहे का?"

"भांडण नाही हो. डबे आहेत," मोठ्या बाई म्हणाल्या, आणि मग मात्र त्यांना हसू आवरेना. अध्यक्षांना काही कळलं नाही, पण त्यांनी अदबीने दार उघडून धरलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मोठ्या बाई आपल्याच कार्यालयाबाहेर घालवल्या गेल्या.

बाहेर एक लांब बाक होता. वर्गात दंगा केलेल्या मुलींना त्यावर बसवत. दुसरीकडे जागा नव्हती म्हणून मोठ्या बाई त्यावर बसल्या. पाय जमिनीला पुरेनात. तेवढ्यात समोरून आठवीतली एक मुलगी गिरक्या घेत आली. तिला सगळे भिंगरी म्हणत. तिला दोन मिनिटं एका जागी बसवणं म्हणजे पाऱ्याला चिमटीत धरणं. बाकावर कोण बसलंय ते बघून ती चक्क थांबली.

"बाई, तुम्हाला कोणी बाहेर काढलं?"

"अध्यक्षांनी."

"काय केलंत?"

"काही नाही ग. नणंद निघाली."

भिंगरीने सहानुभूतीने मान डोलावली. "मलाही असंच काढतात. आधी फार वाईट वाटतं, मग सवय होते." आणि ती समोरच्याच ग्रंथालयात पळाली, कारण मुलाखतीचा अर्धा भाग तिथे व्हायचा होता. प्रत्येक उमेदवाराने काही मुलींबरोबर थोडा वेळ घालवायचा आणि निवड समितीने बघायचं, असं ठरलं होतं. समिती म्हणजे अध्यक्ष आणि महाविद्यालयातून आलेल्या मानसशास्त्राच्या प्राध्यापिका.

पहिला नंबर एका कोटवाल्या गृहस्थांचा होता. माणूस भला, पण सगळी भिस्त लॅपटॉपवर. तो आधी चालू होईना, चालू झाला तर भिंतीवर चित्र उमटेना, उमटलं ते उलटं. भिंगरीने ते वाचण्यासाठी खुर्चीवर उलटं व्हायचा प्रयत्न केला आणि पडली. गृहस्थ घाम पुसत बाहेर आले, मोठ्या बाईंना बाकावर पाहून त्यांना पुढच्या उमेदवार समजले आणि म्हणाले, "जपून राहा, मुली हुशार आहेत."

मग वन्सं आत गेल्या. मोठ्या बाईंनी दोन्ही हातांनी बाक घट्ट धरला. एक मन म्हणत होतं, पडू दे तोंडावर. दुसरं मन म्हणत होतं, अगं, भिंगरीची आई परवा तुझ्यासमोर रडली, ते विसरलीस का? आणि ती आठवीतलीच मुलगी, जिला सगळ्या सावली म्हणतात? ती दुसऱ्यांच्या मागे उभी राहते, वर्षभरात तिने वर्गात सबंध वाक्य उच्चारलेलं नाही. कोणी म्हणतं लाजाळू, कोणी म्हणतं मंद. तिचं काय? अशी दोन्ही मनं भांडत असतानाच ग्रंथालयाचं दार उघडलं आणि अध्यक्ष बाहेर आले.

"तुम्ही का बाहेर?"

"तुमच्या नणंदेने काढलं," अध्यक्ष जरा नाराजीनेच म्हणाले. "म्हणाल्या, मुलींच्या दातांकडे बघू नका, त्या तोंड उघडेनाशा झाल्यात."

"आणि प्राध्यापिका?"

"त्यांना ठेवलंय. टेबल उचलायला."

ग्रंथालयाच्या भिंतीला वरच्या बाजूला झडपांची खिडकी होती. दोघांनीही तिकडे पाहिलं, दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं, आणि मग काही न बोलता एका टोकाला अध्यक्ष आणि दुसऱ्या टोकाला मोठ्या बाई, असा तो बाक उचलून त्यांनी खिडकीखाली नेला. पाण्याचा जग घेऊन चाललेल्या शिपाईबाई थबकल्या.

"मी सल्लागार म्हणून बघतोय," अध्यक्ष त्यांना म्हणाले.

"बघा की. मी बाक धरते," शिपाईबाई म्हणाल्या.

मोठ्या बाई टाचा उंचावून उभ्या राहिल्या तेव्हा कुठे त्यांचे डोळे झडपेपर्यंत पोचले. आत वन्सं एका मुलीच्या खुर्चीवर बसल्या होत्या.

"मला ही खोली माहीत नाही," त्या म्हणत होत्या. "तुम्हाला माहीत आहे. इथे तुम्हाला कशाचा त्रास होतो, ते सांगा."

मग भिंगरी म्हणाली, "खुर्चीचा."

"काय करते ती?"

"बसवते."

"मग उभी राहा. त्या कपाटाशी जा आणि आम्हाला पुस्तकं काढून दे. एकेक आण, आणि चालत आण." भिंगरीला शाळेत आजवर 'उभी राहा' ही शिक्षा म्हणूनच मिळाली होती. ती कपाटाकडे गेली आणि परत आली, गेली आणि आली, आणि तिचा चेहरा असा फुलला की जणू तिला शाळेची घंटाच वाजवायला दिली.

मग दुसरी म्हणाली, पंखा फार घरघरतो. तिसरी म्हणाली, खिडकीतून ऊन डोळ्यांवर येतं, पान पांढरंफटक दिसतं. वन्सं उठल्या. बाह्या मागे सारल्या. "चला, धरा," असं म्हणून त्यांनी प्राध्यापिकाबाईंना टेबलाच्या एका टोकाला लावलं. टेबल इकडे, कपाट तिकडे, पडदा अर्धा. मोठ्या बाईंना त्या हालचाली चांगल्याच ओळखीच्या होत्या. याच हातांनी दर रविवारी साखर खाली यायची आणि मीठ वर जायचं. फक्त आज प्रत्येक वेळी वन्सं आधी विचारत होत्या, "इथे ठेवू? की अजून पुढे?" आणि मुली सांगत होत्या.

सावली मात्र काहीच सांगत नव्हती. वन्सं तिच्या डाव्या बाजूने गेल्या आणि हळूच काहीतरी बोलल्या. ती हललीही नाही. फिरून उजव्या बाजूने आल्या, पुन्हा बोलल्या, तर तिने चटकन मान वळवली. वन्संनी खुर्ची ओढली, तिच्या उजव्या कानाशी वाकल्या आणि भिंती हादरतील अशा आवाजात विचारलं, "तुला कुठे बसायचंय, बाळा?"

सावली दचकून मागे सरकली. मग अगदी स्पष्ट म्हणाली, "बाई, इतकं ओरडू नका. या कानाने मला सगळं ऐकू येतं. त्या कानाने काहीच येत नाही."

वन्संनी जीभ चावली. "चुकलंच माझं. तुझा चांगला कानही आज मी बाद केला असता."

तेवढ्यात कपाटापाशी उभी असलेली भिंगरी म्हणाली, "अगं, मग परीक्षेत मी तुला त्याच बाजूने उत्तरं सांगत होते की."

आधी सावलीच हसली. तोंडावर हात ठेवून, खांदे हलवत. मग सगळ्या मुली, मग प्राध्यापिका, आणि वन्सं तर चष्मा काढून डोळे पुसू लागल्या. इकडे बाकावर मोठ्या बाई हसत होत्या आणि रडतही होत्या. वर्गात सावलीची जागा त्यांनीच निवडली होती. शांत कोपरा म्हणून भिंतीशी, चांगला कान भिंतीकडे. वर्षभर त्या मुलीने फक्त भिंत ऐकली होती. असं कसं आपल्याला दिसलं नाही, असं त्या अध्यक्षांना विचारत होत्या, आणि अध्यक्ष रुमाल शोधत म्हणत होते, "मलाही नाही दिसलं हो, मी दातच बघत बसलो." बाक लटलट हलत होता.

"धाकटे," आतून वन्संचा आवाज आला. त्यांनी वर पाहिलंसुद्धा नव्हतं. "उतर खाली. पडशील."

"मी नाहीये, वन्सं," मोठ्या बाईंच्या तोंडून निघून गेलं.

सगळ्या मुलींच्या माना वर गेल्या. झडपेत मुख्याध्यापिकेचे डोळे आणि शेजारी अध्यक्षांचं टक्कल. त्यानंतर ग्रंथालयात जो काही गलका झाला तो शाळेच्या फाटकापर्यंत गेला. त्यातच भिंगरी सगळ्यांना ओरडून सांगत होती की नव्या बाईंचं नाव वन्सं आहे.

समितीचा निर्णय व्हायला वेळ लागला नाही. प्राध्यापिका हातावरची धूळ झटकत म्हणाल्या, "माझी कंबर गेलीय, पण मत पक्कं आहे." अध्यक्ष मोठ्या बाईंकडे वळले. "निवड आम्ही केली, त्यात तुमचा हात नाही. पण रोज तोंड बघायचंय ते तुम्हाला. तुम्हाला जमणार नसेल तर आत्ता सांगा."

"मला आधी त्यांच्याशी बोलू द्या," मोठ्या बाई म्हणाल्या.

कार्यालयात दोघीच राहिल्या. वन्सं खुर्चीत बसल्या. एरवी त्या कुठेही घरच्यासारख्या बसत, आज मात्र त्यांनी पिशवी मांडीवर घट्ट धरली होती.

"मला सांगायचं तरी, वन्सं."

"सांगितलं असतं तर तू नको म्हणाली असतीस."

"म्हणाले असते," मोठ्या बाईंनी कबूल केलं.

"मग मला वाईट वाटलं असतं, तुलाही वाटलं असतं, आणि तुझा नवरा दोघींच्या मध्ये जेवला असता. तो बिचारा पोटात काही ठेवू शकत नाही. जागेचं बोलून गेला, आणि मग माझे पाय धरले की तुला कळू देऊ नको." वन्संनी चष्मा काढला. "धाकटे, मी घरी बसून काय करते माहीत आहे? आमचे हे दिवसभर शब्दकोडी सोडवतात. आडवे तीन अक्षरी, उभे चार अक्षरी. माझ्या घरातले डबे लावून झाले. शेजारणीचे झाले. रविवारची वाट बघते, तुझे लावायला मिळतील म्हणून. तुला राग येतो, कळतं मला. पण हाताला काहीतरी हवं ना."

इतके रविवार मोठ्या बाईंनी राग गिळला होता, आणि एकदाही विचारलं नव्हतं की तुमचा आठवडा कसा जातो.

"ती भिंगरी," वन्सं हळूच म्हणाल्या, "तिला मधल्या तासाला मैदानाला एक चक्कर मारू दे. मी आले नाही तरी एवढं कर. आणि सावलीला आधी कानाच्या डॉक्टरकडे."

"तुम्ही आला नाहीत तरी म्हणजे?"

"तू अजून हो कुठे म्हणालीस?"

मोठ्या बाईंना पुन्हा हसू येऊ लागलं. या वेळी भीती कसली होती ते त्यांना नीट कळेना. बहुधा वन्सं नाही म्हणतील, याची. "माझ्या अटी आहेत," त्या म्हणाल्या. "शाळेत मी वरिष्ठ. मला सगळ्यांसमोर धाकटे म्हणायचं नाही."

"नाही म्हणणार."

"माझ्या टेबलाला हात लावायचा नाही."

वन्संनी टेबलाकडे पाहिलं. त्यांचा जीव कासावीस झाला हे दिसत होतं. "बरं," त्या म्हणाल्या.

"आणि घरी डबे."

"ते आता कुठून जमणार. रविवारी मी दमलेली असेन."

तेवढ्यात दार ढकलून अध्यक्ष आत आले. त्यांच्या मागे मुलींचा थवा कान लावून उभा होताच. "काय ठरलं?" त्यांनी विचारलं, आणि मोठ्या बाईंनी नुसती मान डोलावताच ते हात पुढे करून म्हणाले, "वन्सं, अभिनंदन." मुलींनी ते पुढे पोचवलं, आणि शिपाईबाईंनी कारण नसताना घंटा दिली. अर्ध्या शाळेला वाटलं सुटी झाली. त्यांना वर्गात परत कोंबेपर्यंत खरोखरच सुटीची वेळ झाली.

संध्याकाळी मोठ्या बाईंनी वन्संना आपल्या स्कूटरवर मागे बसवलं. "घरीच चला," त्या म्हणाल्या, "नवऱ्याचा ठसका बघायचाय मला." वन्संनी पिशवी दोघींच्या मध्ये ठेवली आणि पहिल्या वळणापासून सूचना सुरू केल्या. डावीकडून घे. तो रिक्षावाला बघ. हळू. इतकी हळू नको. मोठ्या बाई प्रत्येक सूचनेला "हो, वन्सं" म्हणत होत्या. चौकातल्या दिव्याला त्या थांबल्या तेव्हा त्यांना झडपेतलं अध्यक्षांचं टक्कल आठवलं. त्यांनी हसू दाबलं. पण मागून पिशवी हलू लागली होती. वन्संही तेच आठवत होत्या.

"तो तुझा दातांचा डॉक्टर," वन्सं कशाबशा म्हणाल्या, "त्याने मला पहिला प्रश्न काय विचारला माहीत आहे? म्हणाला, अक्कलदाढ काढलीय का?"

मग दोघींचा तोल सुटला. मोठ्या बाईंनी पाय रस्त्यावर टेकले, वन्सं त्यांच्या पाठीवर डोकं ठेवून हसत राहिल्या. मागच्या गाड्यांनी भोंगे वाजवायला सुरुवात केली.

"हिरवा झाला, धाकटे."

"दिसतंय मला, वन्सं," मोठ्या बाई म्हणाल्या, पण हसण्याच्या भरात स्कूटर सुरूच होईना, आणि दिवा पुन्हा लाल झाला.